एक हात खिशात

डोमाजी निनावेंनी पहिल्याच दिवशी बजावलं,
"आत चारशे व्होल्ट हायेत, साहेब.
चालू असताना हात घालाचा तं एकच.
दुसरा खिशात."
एकतीस वर्षं कोराडीला
टर्बाइनच्या मजल्यावर काढलेल्या माणसाला
हे सांगायची गरज नव्हती.
तरी मी खिशाचा पायजमा शिवून घेतला.

गोळीबार चौकामागच्या गल्लीत
जिथं त्यांच्या वडिलांचा माग होता
तिथं आता सोल्डरिंगचं टेबल.
माग भंगारात गेला, चरखा तेवढा राहिला.
त्याच चरख्यावर त्यांनी भरले
माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचे दोन्ही ट्रान्सफॉर्मर,
केसाएवढी तांब्याची तार,
अडीच हजार वेढे ओठांत मोजत,
थरावर थर, मध्ये पातळ कागद.
फोन वाजत होता. वाजू दिला.
"सूत असो का तार," मग म्हणाले,
"ताण ढिला सोडला का गुंता होते.
कांडी भरता आली पायजे, बस."

व्हॉल्व्ह रशियातले, जुन्या फौजी साठ्यातले,
खोक्यांवर न वाचता येणारी अक्षरं.
चार होते. तळहातावर पाखराएवढं वजन.
एकाच्या काचेवर कुणाच्या तरी बोटाचा ठसा;
स्पिरिटनं पुसला
आणि उगाच चुटपुट लागली.

झिंगाबाई टाकळी, मे, शेहेचाळीस अंश.
प्रमिला म्हणाली,
"आधीच नवतपा, अन् तुमी घरात शेगडी आनून ठेवली."
शेगडीच ती.
कूलर लावावा तर कूलरच ऐकू येतो,
बंद करावा तर मल्टिमीटरवर घाम टपकतो
आणि पस्तीस मिलिअँपिअर नीट दिसत नाहीत.
सातच्या सुमाराला सगळी वस्ती कूलर लावते.
दोनशे तीसचे एकशे नव्वद होतात,
चारही व्हॉल्व्ह उपास धरल्यासारखे उतरतात.
गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसतात, सात-आठ किलोमीटरवर.
तिथून इथवर येईस्तोवर
वीज एवढी दमते,
हे नोकरीत कधी कळलं नाही.

मग गुणगुण.
डब्यात भुंगा कोंडल्यासारखी,
रेकॉर्ड असो नसो.
तारा बदलल्या, जागा बदलली,
डोमाजींना दोनदा स्कूटरवर बसवून आणलं.
त्यांनी आतलं काही उघडलंच नाही.
मागच्या अंगणात गेले,
लिंबाजवळचा अर्थिंगचा खड्डा चपलेनं उकरला,
"माती सुकली ना, बाप्पा."
प्रमिलानं धुण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या.
आत येऊन ऐकलं.
भुंगा उडून गेला होता.
तेव्हापासून रोज संध्याकाळी
लिंबाला एक बादली, संगीताला एक.

बटण दाबल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नाही.
काचेच्या आत आधी तांबूस सूत,
मग निखारा.
हा अर्धा मिनिट मला फार आवडतो,
बाकीचं मी अर्धंच ऐकतो.
टर्बाइननं डावा कान नेला.
मेडिकलच्या कागदावर त्याची रेघ
घसरगुंडीसारखी खाली जाते.
हे डोमाजींना मी सांगितलं नव्हतं.
दोन ट्रान्सफॉर्मर, दोन स्पीकर, एका कानासाठी.

म्हणून प्रमिला डाव्या स्पीकरसमोर बसते,
तूर निवडत.
माझ्याकडे सारंगी येते.
"तुमच्याकडं काय आहे?" मी विचारतो.
"तानपुरा," ती म्हणते. "नुसता तानपुरा."
थोड्या वेळानं,
"कोन तरी खोकललं."
मी खोकल्यासाठी सुई मागं नेतो.

काल साडेआठला लाइट गेली.
रेकॉर्ड मंदावली, सारंगीचा सूर
विहिरीत सोडलेल्या दोरासारखा खाली खाली गेला.
कूलर थांबले, सगळ्या गल्लीचे.
अंधारात चार लाल ठिपके, विझत विझत.
कपॅसिटरमध्ये अजून भरलेलं असणार सगळं,
हात आपोआप खिशात गेला.

प्रमिला काहीतरी बोलली, डावीकडून.
काय ते कळलं नाही.
मी खुर्ची फिरवली.